गार इंजिनाची टकटक

डिसेंबरातील एका सकाळी, मोर्शीच्या आमच्या अंगणात 1978 सालची प्रीमियर पद्मिनी सुरू केली असता, वर्षानुवर्षे कानाला तोंडपाठ झालेल्या तिच्या आवाजात एक अपरिचित टकटक मिसळलेली ऐकू आली. आणि गाडी वरूडच्या रस्त्याला लागून चार-पाच किलोमीटर जाते न जाते तोच ती अशी विरून गेली, की हा आपल्याला झालेला भास तर नव्हे, अशी शंका यावी. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा हजर. सालबर्डीच्या चढावर, इंजिन तापायच्या आत जोर मागितला, तर ती अधिकच ठळक होई. अमरावतीच्या एका गॅरेजात गाडी नेली, पण तेथवरच्या प्रवासात इंजिन तापलेले असल्यामुळे आवाज ऐकू येण्याचा संभवच नव्हता. तरीही केवळ माझ्या वर्णनावरून ‘इंजिन उतरवावे लागेल’ असा फैसला मिळाला.

तो फैसला मला मान्य होईना. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्याच्या कारखान्यात घडवलेली, फियाटच्या घराण्यातली, 1089 घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे इंजिन असलेली ही गाडी निघणे बंद होऊन आता दोन तपे उलटली. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईच्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीनेही रस्त्याचा निरोप घेतला. अशा यंत्राचा एखादा भाग उघडताना मोडला, तर तो मिळवण्यासाठी किती दारे हिंडावी लागतात, हे ज्याच्या घरी अशी गाडी आहे त्यालाच ठाऊक.

वरूड रस्त्यावर ट्रॅक्टर आणि फवारणीचे पंप दुरुस्त करणारे एक वयस्कर मिस्त्री आहेत. त्यांनी सारे ऐकून घेतले आणि म्हणाले, “खोल्याची घाई करू नका भाऊ. गाडी आज रातभर इथंच राहू द्या. सकाळी गार असतानी आयकू.” या एका वाक्यात निम्मा तपास होता. जो आवाज दिवसातून केवळ पाच-सात मिनिटे साक्ष देतो, त्याच्यासाठी त्या पाच-सात मिनिटांना हजर राहणे, एवढेच आपल्या हाती असते. इंजिन तापले, की काम दुसऱ्या सकाळपर्यंत तहकूब.

पहिल्या सकाळी, आंबिया बहाराची संत्री भरलेले ट्रक समोरून जात असताना, त्यांनी पंख्याचा पट्टा उतरवून इंजिन जेमतेम मिनिटभर चालवले. टकटक कायम राहिली. म्हणजे पंखा, पाण्याचा पंप आणि डायनामो हे तिघेही निर्दोष ठरले. मग इंजिन अगदी मंद ठेवून ते बॉनेटच्या कडेवर बोटाने ठेका धरू लागले. मिनिटाला सहाशे फेरे म्हणजे सेकंदाला दहा. परंतु बोट पडत होते सेकंदाला पाचदा. क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत प्रत्येक झडप एकदाच उघडते, म्हणून हा निम्म्या गतीचा ठेका ऐकताच कोणीही टॅपेटवर बोट ठेवील. मीही ठेवले. मिस्त्रींनी लांब पेचकसाचे टोक टॅपेटच्या झाकणावर टेकवले, मूठ कानामागच्या हाडाला लावली, आणि डोळे मिटून ते पुढून मागे सरकत गेले. “टॅपेट नोहे,” ते म्हणाले. मी पेचकस कानाला लावला, तेव्हा आत झडपांची बारीक, एकसारखी कुजबुज होती. टकटक मात्र त्या लोखंडात नव्हतीच, ती बाहेरच्या हवेत होती.

दुसऱ्या सकाळी प्लगच्या वायरी एकेक करून काढल्या. पहिली, दुसरी, तिसरी काढूनही फरक पडेना. चौथी काढताच आवाज जवळजवळ नाहीसा झाला. माझ्या पोटात गोळा आला, कारण वायर काढल्यावर शांत होणारा ठोका हा कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा असतो, असे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. मिस्त्रींनी मात्र याचे जे उत्तर दिले, ते मला या सगळ्या प्रकरणात सर्वाधिक मोलाचे वाटते: बेअरिंग झिजले असेल, तर इंजिन तापून ऑइल पातळ झाल्यावर ठोका वाढतो, आपला तर तापल्यावर मरतो. तेव्हा संशयित उरले दोनच. एक, गार असताना सिलिंडरमध्ये सैल आपटणारा आणि तापल्यावर फुगून बसणारा पिस्टन. दुसरा, एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या सांध्यातून सुटणारा धूर, कारण तापलेले लोखंड प्रसरण पावले, की ती फटही मिटते. दोघांचीही लक्षणे अशी जुळी, की केवळ वर्णनावरून निवाडा करणे म्हणजे निव्वळ अदमास.

तिसऱ्या सकाळी पेचकसाऐवजी हातभर लांबीची रबरी नळी आली. पेचकस धातूतला कंप सांगतो, नळी हवेतला आवाज सांगते. तिचे एक टोक कानाशी धरून दुसरे मॅनिफोल्डच्या कडेने फिरवताना, चौथ्या सिलिंडरच्या तोंडाशी, केबिनच्या पत्र्याला लागून असलेल्या अंधाऱ्या कोपऱ्यात, फट् फट् असा स्वच्छ फुंकर मारल्यासारखा आवाज कानात शिरला. बॅटरीच्या उजेडात आरसा धरून पाहिले, तर सांध्यावर काजळीची नखाएवढी काळी रेघ होती आणि मागच्या स्टडचा नट सैल झालेला होता.

काम त्यानंतर साधेच होते. नटांना रात्रभर ऑइल मुरू दिले, कारण जुना स्टड जोर करून फिरवला तर मुळाशी तुटतो. सकाळी जळालेले गास्केट काढून नवे बसवले. नट मधून कडांकडे थोडे थोडे आवळले, आणि इंजिन एकदा तापून गार झाल्यावर पुन्हा आवळले. टकटक थांबली.

जुनी गाडी बाळगणाऱ्यांना एकच विनंती. असा आवाज आला, तर तो गार इंजिनावर येतो की गरम, चढावर वाढतो की नाही, हे आधी कागदावर लिहून ठेवा आणि मगच मिस्त्रीकडे जा. आणि टकटकीबरोबर केबिनमध्ये धुराचा वास येत असेल, तर काचा उघड्या ठेवा व दुरुस्तीला एक दिवसही उशीर करू नका, कारण त्या फटीतून निघणाऱ्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो आणि त्या वायूला वास नसतो.