शिदोरी नसलेलं बी

कुंडीत भरायच्या मिश्रणाबद्दल या आठवड्यात लिहीन असं म्हटलं होतं. कोळसा किती, सोडणं किती, विटांचे तुकडे कुठल्या मापाचे, हे सगळं एक आठवडा थांबू शकतं. चिपळूणजवळच्या एका वाचक ताईंचं पत्र मात्र थांबू शकत नाही, कारण त्यांच्याकडची शेंग उकलली आहे.

त्यांच्या परसातल्या आंब्यावर सीतेची वेणी ही आमरी, म्हणजे ऑर्किड, आहे. मे महिन्यात ती भरभरून फुलली आणि पावसाळ्यात तिच्यावर तीन शेंगा धरल्या. आता थंडी सरता सरता त्यातली एक चिरली आणि आतून पिवळसर भुकटी सांडली. ‘हेच बी का? कुंडीत पेरलं तर रोपं येतील का?’ असं त्यांनी विचारलं आहे.

ताई, हेच बी. कुंडीत पेरलंत तर मात्र एकही रोप येणार नाही. ते का येत नाही, हा आमरींच्या साऱ्या अभ्यासातला माझा सर्वांत लाडका विषय आहे. म्हणून हा आठवडा त्यालाच देतो.

आमरीचं फूल उमलतं तेव्हा त्याच्या बीजकोशात बीजांडं तयारच नसतात. पराग येऊन चिकटेपर्यंत झाड तो खर्च करतच नाही. परागपुंज येऊन बसला की फूल एक-दोन दिवसांत मान टाकतं आणि मागचा देठ फुगू लागतो. बीजांडं घडायला सुरुवात होते ती त्यानंतर. म्हणूनच शेंग पिकायला महिनेच्या महिने लागतात. या काळात झाड आपली ताकद तिकडे ओतत असतं. झाड लहान किंवा आजारी असेल तर शेंग काढून टाका, असं मी नेहमी सांगतो. ताईंची वेणी जुनी, भरलेली आहे. तिला तीन शेंगा झेपल्या.

आता ती भुकटी. आमरीच्या एका बीचं वजन काही मायक्रोग्रॅम. वर जाळीसारखं पातळ आवरण, आत बरीचशी हवा आणि मधोमध जेमतेम शंभरेक पेशींचा भ्रूण. त्या भ्रूणाला ना दलं, ना मुळाचा कोंब, ना अन्नाचा साठा. नारळ आठवा. आईने महिनोन्‌महिने पुरेल एवढं खोबरं आणि पाणी बांधून दिलेलं असतं, म्हणून तो मोरीजवळ पडल्या पडल्याही रुजतो. आमरीच्या बीला यातलं काहीच मिळत नाही. त्याऐवजी तिची आई लाखांनी बिया सोडते आणि वारा नेईल तिकडे जाऊ देते.

किती बिया, हे चार्ल्स डार्विनने मोजायचा प्रयत्न केला होता. आमरींच्या परागीभवनावरचं त्याचं पुस्तक १८६२ साली आलं. एका युरोपीय भूआमरीच्या एका शेंगेत त्याला सुमारे ६,२०० बिया भरल्या. तीसेक शेंगा धरणाऱ्या एका झाडाचा हिशेब झाला १,८६,३००. त्या सगळ्या रुजल्या तर एका झाडाची पणतवंडं पृथ्वीवरची जवळजवळ सगळी जमीन व्यापतील, असं गणित त्याने मांडलं. तसं होत नाही हे त्याला दिसत होतंच. ते कशामुळे अडतं, हे कळायला आणखी जवळजवळ चाळीस वर्षं गेली.

माळ्यांनाही हा प्रश्न छळत होता. इंग्लंडमधल्या एक्सेटरच्या व्हीच नर्सरीत जॉन डॉमिनी नावाच्या माळ्याने दोन कॅलॅन्थींचा संकर केला आणि १८५६ मध्ये त्याला फूल आणलं. माणसाने घडवलेली पहिली संकरित आमरी ती हीच. पण त्या काळचे माळी बी पेरायचे कुठे? आईच्याच कुंडीत, तिच्या मुळांभोवती. तिथे कधी चार रोपं यायची, कधी वर्षानुवर्षं काहीच नाही. आईजवळ पेरलेलं बी कधीमधी रुजतं आणि स्वच्छ ताज्या मिश्रणातलं मरतं, इतकं अनुभवाने कळलं होतं. कारण मात्र कुणाला सापडत नव्हतं.

ते सापडलं नोएल बर्नार या फ्रेंच तरुणाला. १८९९ चा मे महिना. हा पंचविशीतला वनस्पतिशास्त्रज्ञ मलँ या गावी सक्तीची लष्करी नोकरी करत होता. जवळच फाँतेनब्लोचं जंगल. तिथे नेओटिया नावाची एक तपकिरी आमरी उगवते, जिच्यात हरितद्रव्य नसतंच. फिरता फिरता त्याला पाचोळ्याखाली दबलेला तिचा जुना तुरा मिळाला. शेंगा तशाच राहिलेल्या आणि त्यांच्या आत बिया रुजलेल्या! आमरीचं बी रुजताना फार थोड्यांनी पाहिलं होतं, आणि इथे ते ढिगाने होतं. त्याने ती इवली रोपं सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तेव्हा प्रत्येकात एकाच प्रकारच्या बुरशीचे धागे दिसले. बुरशी नाही असं एकही रोप नव्हतं.

बुरशी म्हटली की आपण औषधाची बाटली शोधतो. बर्नारने तसं केलं नाही. ही बुरशी रोग नाही, हिच्यामुळेच बी रुजतंय, असं त्याने त्याच वर्षी मांडलं आणि पुढची काही वर्षं ते सिद्ध करण्यात घालवली. बुरशी वेगळी काढून नळीत वाढवायची आणि तिच्याबरोबर बी पेरायचं. बुरशी असलेल्या नळीतलं बी रुजलं, नसलेल्या नळीतलं फुगून थांबलं. प्रकार असा असतो : बुरशीचे धागे बीमध्ये शिरतात आणि पेशींत त्यांची वेटोळी होतात. मग भ्रूण ती वेटोळी पचवतो आणि त्यातून साखर मिळवतो. कधी बुरशीच वरचढ ठरते आणि भ्रूण संपतो. दोघांचा तोल सांभाळला गेला, तरच रोप होतं. मला तर ही वनस्पतिशास्त्रातली सगळ्यात थरारक गोष्ट वाटते. बर्नार क्षयाने १९११ मध्ये गेला, वय अवघं छत्तीस. त्याला आणखी वीस वर्षं मिळायला हवी होती.

पुढचा टप्पा अमेरिकेतला. बर्नार बी पेरायच्या माध्यमात सालममिश्री, म्हणजे आमरीच्याच कंदांची पूड वापरायचा. तिच्यात पिष्ट भरपूर. कॉर्नेल विद्यापीठातल्या लुईस नुडसन यांनी साधा प्रश्न विचारला : नळीतली बुरशी बहुधा एवढंच करत असेल, की पिष्टाची साखर करून देते. मग आपणच साखर दिली तर? अगार, काही क्षार आणि साखर, सगळं निर्जंतुक केलेलं. १९२२ मध्ये त्यांनी जाहीर केलं, की कॅटलियाचं बी बुरशीशिवाय रुजतं. यावर मोठा वाद झाला. बर्नारचं काम खोटं ठरलं असं काहींना वाटलं. ते तसं नाही. रानात साखरेची बरणी कुणी ठेवत नाही, तिथे बुरशीला पर्याय नाही. नुडसननी बुरशीचं काम बाटलीत भागवून दाखवलं, इतकंच. पण तेवढ्याने जगभरच्या आमरीप्रेमींचं आयुष्य बदललं. आज या माध्यमात शहाळ्याचं पाणी किंवा कुस्करलेलं केळं घालण्याची पद्धतही रूढ आहे. कोकणातल्या वाचकांना हे वाचून बरं वाटेल.

याचा दुर्मीळ आमरींशी थेट संबंध आहे, आणि तो मला ठासून सांगायचा आहे. इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर १८५० साली खासी टेकड्यांत गेला, तेव्हा त्याने निळा वांडा या आमरीची सात माणसांची ओझी लंडनच्या क्यू बागेसाठी गोळा केली. त्यातली अगदी थोडी झाडं जिवंत पोचली. दुसऱ्या एका गृहस्थाने एका माणसाचं ओझं पाठवलं, ते खराब अवस्थेत पोचूनही ३०० पौंडांना विकलं गेलं. मग त्या टेकड्यांवर काय शिल्लक राहणार? आज निळा वांडा बाटलीत लाखांनी तयार होतो. रानातलं झाड आणण्याचं कसलंही कारण उरलेलं नाही. आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत निळा वांडा, लाल वांडा आणि सगळ्या पॅफिओपेडिलम आहेत, हेही ध्यानात ठेवा. महाबळेश्वर-पाचगणीच्या पठारावरच्या हॅबेनेरिया खणून आणणाऱ्यांना तर माझं हात जोडून सांगणं आहे : तुम्ही कंद आणता, पण त्या मातीतलं बुरशीचं जाळं आणू शकत नाही. दुसऱ्या पावसाळ्यात कुंडी रिकामी दिसते ती बहुतेक वेळा त्यामुळेच.

आता ताईंच्या तीन शेंगांचं बघू.

उकललेल्या शेंगेतली भुकटी कोरड्या कागदाच्या पुडीत घ्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, ओल धरते. पुडी एका घट्ट झाकणाच्या बरणीत, सोबत सिलिका जेलची पुरचुंडी, आणि बरणी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. पहिले पाऊस पडून झाडाची साल नीट भिजली, की त्याच आंब्यावर, जुन्या वेणीच्या मुळांलगत, सालीच्या भेगांत ही भुकटी बोटाने चोळा. डॉमिनीच्या काळची युक्ती ही, आणि आता तिचं कारणही आपल्याला ठाऊक आहे : त्या मुळांत हवी ती बुरशी आधीपासून नांदते आहे. फणसावर किंवा जांभळावर वेणी असेल तर तिथेही करा. पेरूवर करू नका, त्याची साल सोलून पडते आणि रोपं तिच्याबरोबर जातात. यश फार कमी मिळेल. वर्ष-दीड वर्षाने एखादा हिरवा ठिपका दिसला तरी मला कळवा.

दुसरी शेंग पूर्ण वाढलेली पण हिरवी असेल, शिवण पिवळी पडली नसेल, तर ती सोन्यासारखी आहे. न उकललेल्या शेंगेचा आतला भाग निर्जंतुक असतो. ती वरून धुऊन, स्पिरिटात बुडवून, क्षणभर ज्योतीवरून फिरवली की प्रयोगशाळेत थेट कापून पेरता येते. उकललेल्या शेंगेतलं बी आधी रसायनाने धुवावं लागतं आणि त्यात बरंच मरतं. जवळच्या कृषी महाविद्यालयात किंवा वनस्पतिशास्त्र विभागात ऊतीसंवर्धनाची सोय असेल तर आधी बोलून घ्या, मगच शेंग कापा. घरी प्रेशर कुकर आणि अगार घेऊन हे करणारे लोक आहेत. ज्यांना हौस आहे त्यांनी जरूर करावं, पण साखरेच्या त्या माध्यमावर घरातली साधी बुरशी बीच्या कितीतरी आधी पोचते. पहिल्याच प्रयत्नाला एकुलती एक शेंग लावू नये, असं माझं मत.

तिसरी शेंग झाडावरच राहू द्या. वाऱ्याचाही तिच्यावर हक्क आहे.

पेरल्यापासून फूल यायला किती दिवस, हाही प्रश्न पत्रात आहे. बाटलीत आधी हिरवे मणी दिसतात, मग एक पान, मग मूळ. बाटलीबाहेर यायलाच वर्ष-दीड वर्ष. पहिला तुरा चार ते सहा वर्षांनी. म्हणून बाजारात कुणी निळा वांडा फुलासकट स्वस्तात देऊ लागला, तर तो कुठून आला हे विचारायलाच हवं.

मिश्रणाचा हिशेब पुढच्या आठवड्यात देतो. तोवर कुणी रोपांची बाटली विकत आणली असेल तर ती घाईने फोडू नका आणि खिडकीच्या थेट उन्हात ठेवू नका. बंद काचेत अर्ध्या तासात रोपं शिजतात. ट्यूबलाइटच्या खाली किंवा उत्तरेच्या खिडकीत, जून उजाडेपर्यंत ती सुखाने राहतील.