कोलामार्काची रानम्हैस म्हणजे गवा नव्हे

चंद्रपूर-गडचिरोलीचे जंगल म्हटले की पर्यटकांना ताडोबा आठवतो आणि ताडोबा म्हटले की वाघ. अहेरी तालुक्यातल्या कमलापूरपर्यंत फार थोडे जण जातात. महाराष्ट्रातल्या शेवटच्या रानम्हशी याच बाजूला, छत्तीसगडच्या सीमेलगतच्या कोलामार्काच्या जंगलात आहेत. 2013 मध्ये त्यांच्यासाठी हे क्षेत्र राखीव घोषित झाले.

या जनावराला पुष्कळ जण गवाच समजतात. पण गवा गाय-बैलांच्या कुळातला. त्याच्या पायांत पांढरे मोजे घातल्यासारखे दिसतात, खांद्यामागे पाठीवर उंच कणा असतो, आणि तो चिखलात लोळत नाही. रानम्हशीला पाणी आणि चिखल लागतोच. रानटी गोवर्गीय प्राण्यांत सर्वांत लांब शिंगे तिचीच. केनिया पर्वताच्या रानात फिरणारा आफ्रिकी रेडाही तिच्यापेक्षा वेगळा: त्याची शिंगे कपाळावर जुळून जाड कवच होते, आणि त्याला माणसाने कधी पाळीव केले नाही.

आशियातल्या रानम्हशीचे मात्र तसे झाले नाही. आपल्या गोठ्यातली म्हैस तिचीच वंशज. म्हणून ‘कुणाची तरी सुटलेली म्हैस असेल’ हा दुसरा गैरसमज होतो, आणि तो अधिक घातक आहे. गावातली जनावरे जंगलात चरायला गेली की दोघींचा संकर होऊ शकतो आणि रानटी वाण हळूहळू पातळ होत जातो. लाळ्या-खुरकुतासारखे रोगही पाळीव गुरांकडून रानात जातात. जगभरात रानम्हशी चार हजारांहून कमी उरल्या असाव्यात, असा अंदाज आहे. त्यांतल्या बहुतेक आसामात. त्यामुळे मध्य भारतातला हा छोटा कळप वाचवायचा, तर गावची गुरे त्याच्यापासून दूर ठेवणे हे शिकार रोखण्याइतकेच निकडीचे आहे.

हत्तींबद्दलही असाच घोळ होतो. कमलापूरच्या कॅम्पमधले हत्ती वनविभागाचे, माहुतांच्या हाताखाली वाढलेले. एके काळी असे हत्ती इथे लाकूड ओढत. गडचिरोलीत शेतात शिरणारे हत्ती निराळे. तो रानटी कळप 2021 च्या ऑक्टोबरात छत्तीसगडातून आला. कॅम्पमधल्या हत्तीजवळ उभे राहून फोटो काढणाऱ्याने तीच सलगी या कळपाशी करू पाहिली, तर जिवावर बेतेल.

आणि शेकरू? राज्यप्राणी म्हणून तो भीमाशंकरशी इतका जोडला गेला आहे की तो सह्याद्रीबाहेर नाहीच, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात अहेरीजवळच्या आलापल्लीच्या उंच झाडांवरही तो आहे. तिथल्या जुन्या सागांचा राखलेला पट्टा, ‘वनवैभव’, 2014 मध्ये राज्यातले पहिले जैवविविधता वारसा स्थळ ठरला. शेकरू जमिनीवर क्वचितच उतरतो आणि एकापेक्षा अधिक घरटी बांधतो. शेंड्याला शेंडा भिडलेले असे जंगल त्याला लागते, आणि मधली काही झाडे तोडली तरी त्याची वाट तुटते.