सूर्य फुकट, शर्यत महाग

काही वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांनी बनवलेल्या सौर गाड्यांची एक स्पर्धा पाहायला गेलो होतो. आपल्या जिल्ह्यातल्या एका तंत्रनिकेतनाची मुलंही तिथे उतरली होती. वर्गणी काढून, सुट्ट्या घालवून त्यांनी गाडी बांधली होती. स्पर्धा सौर गाड्यांची, म्हणून त्यांनी बॅटरी मुद्दाम लहान घेतली आणि सगळा भर पॅनेलवर ठेवला. शर्यतीत ती मुलं जवळजवळ शेवटी आली. पुढे गेलेल्या गाड्यांवरही पॅनेल होतं. पण त्यांच्या पोटात ई-रिक्षाच्या चार मोठ्या बॅटऱ्या होत्या आणि त्या रात्रभर भिंतीवरच्या प्लगला लावून भरलेल्या होत्या. नियमात ते बसत होतं. परतताना त्यातला एक मुलगा मला म्हणाला, "काका, मग ह्ये पॅनेल डोक्यावर घिऊन आमी कशाला फिरलो?"

या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता मी सौर गाड्यांच्या नियमावल्या वाचायला लागलो. मी पदवीधर अभियंता नाही. जे समजलं ते वाचून आणि बावड्यातल्या घराच्या गच्चीवर पॅनेल ठेवून, मोजून समजलं. त्यातून एक गोष्ट पक्की झाली. स्पर्धा स्वस्त आणि न्याय्य होते ती देणग्यांमुळे नव्हे, नियमांमुळे. कोणती गोष्ट सगळ्यांना सारखी द्यायची आणि कोणती मोकळी सोडायची, हे ठरवलं की खर्चही ठरतो आणि शिक्षणही.

कोल्हापूरकराला हे वेगळं सांगायला नको. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये खासबाग मैदान बांधलं, तेव्हापासून आपण तिथे पाहत आलो आहोत की कुस्ती रंगायची असेल तर जोड बरोबरीची लागते. सव्वाशे किलोच्या मल्लासमोर साठ किलोचा पोरगा उभा केला तर निकाल लागतो, पण कुस्ती होत नाही. सौर गाड्यांच्या शर्यतीत वजनाच्या जागी पॅनेल आणि बॅटरी असतात, एवढाच फरक.

जगाने हा धडा कसा घेतला

१९८२ च्या अखेरीस हान्स थोलस्ट्रुप आणि लॅरी पर्किन्स यांनी 'क्वाएट अचिव्हर' नावाची सौर गाडी ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या पर्थहून पूर्वेच्या सिडनीपर्यंत नेली. चार हजारांवर किलोमीटर, वीस दिवस आणि सरासरी वेग ताशी सुमारे २३ किलोमीटर. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. याच थोलस्ट्रुप यांनी १९८७ मध्ये डार्विन ते ॲडलेड अशी सुमारे तीन हजार किलोमीटरची 'वर्ल्ड सोलर चॅलेंज' ही शर्यत सुरू केली.

पहिल्या शर्यतीत जनरल मोटर्सची 'सनरेसर' ताशी जवळपास ६७ किलोमीटरच्या सरासरीने जिंकली. एवढ्या मोठ्या कंपनीच्या मागोमाग स्वित्झर्लंडमधल्या बील गावच्या अभियांत्रिकी शाळेची गाडी तिसरी आली, आणि १९९० ची पुढची शर्यत त्याच शाळेने जिंकली. पण पैशाचा जोर संपला नाही. २००१ मध्ये नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या विद्यार्थ्यांनी उपग्रहांसाठी बनणारे गॅलियम आर्सेनाइडचे सेल वापरून शर्यत जिंकली. गाडी उत्तम होती, पण तसे सेल परवडणारे संघ जगात मोजकेच. मग आयोजकांनी नियम आवळत नेले. पॅनेलचं क्षेत्रफळ २००७ मध्ये सहा चौरस मीटरवर आणलं, साध्या सिलिकॉन सेलसाठी २०१७ मध्ये ते चार चौरस मीटर केलं, आणि महागड्या सेलना त्याहूनही कमी जागा दिली. तरीही गाड्या धावतच राहिल्या. पॅनेल कमी केलं तसा मुलांनी गाडीच्या आकारावर, वजनावर आणि चाकांवर जास्त विचार केला. मर्यादा घातल्याने स्पर्धा मरत नाही, तिचा कस वाढतो, हे यातून दिसतं.

आपल्याकडे मणिपालच्या 'सोलरमोबिल'सारखे आणि आयआयटी मद्रासच्या 'अग्निरथ'सारखे विद्यार्थी संघ सौर गाड्या बांधतात. पण गडहिंग्लज, कागल किंवा पन्हाळ्याच्या आयटीआयमधल्या पोरांना त्या रांगेत उभं राहता येत नाही. त्यांच्यासाठी वेगळी जोड लावावी लागेल.

एका पॅनेलवर गाडी किती धावते?

माझा प्रस्ताव साधा आहे. घराच्या छतावर बसवतात तसं ५४० वॅटचं एकच पॅनेल प्रत्येक गाडीला. ते सुमारे अडीच चौरस मीटरचं आणि २८ किलोच्या आसपास वजनाचं असतं. शर्यतीसाठी मिळणारी लवचीक पॅनेल हलकी असतात, पण महाग. छतावरचं पॅनेल स्पर्धा संपल्यावर शाळेच्या किंवा घराच्या छतावर जाऊन पुढची वीस-पंचवीस वर्षं वीज देतं. पैसा वाया जात नाही.

५४० वॅट हा प्रयोगशाळेतला आकडा. गाडीवर पॅनेल आडवं असतं आणि ऊन तिरपं. फेब्रुवारीच्या मध्यावर कोल्हापुरात भर माध्यान्हीही सूर्य क्षितिजापासून साधारण ६१ अंशांवर असतो. शिवाय पॅनेल तापलं की दर अंशाला सुमारे ०.४ टक्का वीज घटते. दोन्ही वजा जाता माध्यान्हीला ४१० वॅट हाती लागतात. चार्ज कंट्रोलर आणि तारांतली घट धरली, आधी-नंतरचं कमी ऊन धरलं, तर तीन तासांची सरासरी ३७० वॅटच्या आसपास येते. इथे एक बारकावा आहे. आपली घड्याळं ८२.५ अंश रेखांशाची वेळ दाखवतात आणि कोल्हापूर ७४ अंशांजवळ आहे. म्हणून फेब्रुवारीच्या मध्यावर इथला सूर्य बाराला नव्हे, पावणेएकच्या सुमारास माथ्यावर येतो. तीन तासांची शर्यत ठेवायची तर ती सव्वाअकरा ते सव्वादोन अशी ठेवावी.

आता खर्चाची बाजू. गाडी, पॅनेल आणि चालक मिळून २३० किलो धरू. चांगली हवा भरलेल्या चाकांना घरंगळत ठेवायला सुमारे २.३ किलोचा ओढ लागतो. ताशी २५ किलोमीटर वेगाला हवेचा अडथळा जवळपास तेवढाच असतो. मोटर आणि साखळीतली घट धरून एकूण ३८० वॅट लागतात. म्हणजे निव्वळ उन्हावर गाडी ताशी २५ किलोमीटरच्या आसपास धावू शकते. 'क्वाएट अचिव्हर'चा आकडा आठवला असेल! तोच वेग ४० वर नेला तर हजाराच्या वर वॅट लागतात, कारण हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दीडपटीहून थोडा जास्त, वीज जवळपास तिप्पट.

चाकातली हवा कमी असेल तर घरंगळण्याचा अडथळा सहज दुप्पट होतो आणि त्याच वेगाला जवळपास २०० वॅट जास्त जातात. म्हणजे अर्ध्याहून अधिक ऊन चाकाने खाल्लं. ब्रेक किंचित घासत असेल आणि एक किलोचाच ओढ वाढला, तरी ८५ वॅट गेले. हे शोधायला महागडं यंत्र लागत नाही. भंगारवाल्याकडे असतो तसा स्प्रिंगकाटा गाडीला दोरीने बांधायचा, सपाट जागेवर गाडी हळूहळू ओढायची आणि आकडा वाचायचा. काटा अडीचच्या आत असेल तर बरं. चार दाखवला तर चाकं आणि ब्रेक तपासा. पॅनेल सगळ्यांचं सारखं असेल तर निकाल असल्या कामावर ठरतो, आणि ते काम ज्याचे हात काळे झाले आहेत त्यालाच जमतं.

बॅटरीचा नियम

त्या स्पर्धेत जे चुकलं ते बॅटरीत होतं. ई-रिक्षाच्या ४८ व्होल्ट, १०० अँपिअर-तासाच्या संचात ४.८ युनिट वीज मावते. आपलं पॅनेल तीन तासांत देतं १.१ युनिट. म्हणजे मोठी बॅटरी घेतलेल्या गाडीत सूर्याचा वाटा पाचव्या हिश्शाच्या आत. अशा शर्यतीत पॅनेल म्हणजे नुसतं ओझं. मुलाचा प्रश्न बरोबर होता.

म्हणून बॅटरी सगळ्यांना एकच, एक युनिटची, आणि तिच्यावर येणारी-जाणारी वीज मोजणारा मोहोरबंद मीटर. बॅटऱ्या आदल्या संध्याकाळी आयोजकांच्या ताब्यात द्यायच्या. शर्यतीअखेर बॅटरी सुरुवातीपेक्षा जेवढी रिकामी, तेवढं अंतर वजा. समजा एका गाडीने ६० किलोमीटर कापले, तिला किलोमीटरला १५ वॅट-तास लागले आणि बॅटरीतले २०० वॅट-तास उसने घेतले, तर सुमारे १३ किलोमीटर वजा होऊन ४७ धरायचे. बॅटरी ढगाच्या सावलीपुरती आणि चढापुरती. रोजच्या भाषेत, उधारी चालेल, पण मावळायच्या आत फेडायची.

बांधणाऱ्यांसाठी एक सूचना. या पॅनेलचा कामाचा दाब ४१ व्होल्टच्या आसपास आणि बॅटरी ४८ व्होल्टची. घरी वापरतात ते चार्ज कंट्रोलर दाब उतरवतात, चढवत नाहीत. ते लावले तर बॅटरीत काहीच जाणार नाही. दाब चढवणारा कंट्रोलर मागून घ्या.

पंच्याहत्तर हजारांची चौकट

उद्यमनगरात आणि बाजारात विचारून मी अंदाज मांडला आहे. पॅनेल १२ ते १५ हजार, ई-रिक्षाची मोटर आणि तिचा कंट्रोलर १० ते १२, बॅटरी १५ ते २०, चार्ज कंट्रोलर ४ ते ६, पाइप आणि वेल्डिंग १० ते १२, जुन्या मोपेडची चाकं आणि ब्रेक ६ ते ८, हेल्मेट, पट्टे, अग्निशामक वगैरे ५ ते ६ हजार. एकूण ७५ हजारांची मर्यादा पुरते. दहा जणांच्या गटाला माणशी साडेसात हजार, त्यातही पॅनेल आणि बॅटरी नंतर विकता येतात.

मर्यादा कागदावर घालणं सोपं, पाळून घेणं अवघड. कोणी म्हणेल, हा भाग फुकट मिळाला. म्हणून देणगीतली वस्तूही बाजारभावाने धरायची. अमेरिकेतल्या काही मोटार शर्यतींत एक जुनी युक्ती वापरतात: ठरलेली रक्कम मोजून प्रतिस्पर्ध्याला विजेत्याचं इंजिन विकत मागता येतं, आणि नाही म्हणता येत नाही. आपणही तसा नियम करावा. पहिल्या तिन्ही गाड्या ७५ हजारांत कोणत्याही सहभागी संस्थेला मागता याव्यात. मग दीड लाखाची गाडी कोण पंच्याहत्तरची म्हणून आणेल?

दुसरी पळवाट म्हणजे बाहेरून बांधून आणलेली गाडी. त्यावर उपाय: शर्यतीआधी चिठ्ठी टाकून गटातल्या एकाचं नाव काढायचं, त्याने परीक्षकांसमोर पंधरा मिनिटांत चाक काढून, ट्यूब बदलून, ब्रेक जुळवून दाखवायचा. १९१८ च्या सुमारास बाबूराव पेंटर यांनी याच शहरात दामल्यांच्या मदतीने सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला. विकत आणण्यापेक्षा बांधून पाहण्याची ती रीत या गावाला परकी नाही.

जिथे काटकसर नको

सुरक्षिततेत मात्र एक रुपयाही वाचवू नये. दोन स्वतंत्र ब्रेक, चालकाच्या डोक्यावर भक्कम कमान, पट्टा, बॅटरीला फ्यूज आणि बाहेरूनही हाताला येणारं बंद करण्याचं बटण, हे नसेल तर गाडी मैदानात नाही. पॅनेल म्हणजे शीडही असतं. ताशी ५० किलोमीटरची वावटळ अडीच चौरस मीटरवर २८ किलोएवढा जोर लावू शकते. म्हणून ते चार कोपऱ्यांवर नव्हे, मधल्या आधारांवरही बोल्टने धरलेलं हवं. बंद केबिनमध्ये चालक तापतो; दर तासाला चालक बदलणं सक्तीचं असावं. शर्यत सार्वजनिक रस्त्यावर नको. एखाद्या महाविद्यालयाचा किलोमीटरभराचा आतला रस्ता पुरतो. फेऱ्या मोजायला वही-पेन्सिल घेतलेले स्वयंसेवक पुरतात. आमच्या बावड्यातल्या राजाराम साखर कारखान्याचं आवार कोणाच्या मनात आलं असेल, तर फेब्रुवारीत गाळपाच्या हंगामात तिथे उसाच्या गाड्यांतून वाट मिळायची नाही.

वेळापत्रक आपल्या सणांवर बसतं. नियमावली आषाढात बाहेर पडावी, गणपती झाल्यावर कागदावरचे आराखडे तपासावेत. जो आराखडा धोकादायक, तो तिथेच थांबवावा, म्हणजे कोणाचे पैसे लोखंडात अडकणार नाहीत. दिवाळीच्या सुट्टीत सांगाडा, संक्रांतीपर्यंत ब्रेकची चाचणी, फेब्रुवारीत शर्यत.

ही नियमावली मी चार पानांत बसवली आहे आणि दोन संस्थांकडे दिली आहे. एका ठिकाणी विचारलं, "एवढ्याशा वेगाची शर्यत बघायला कोण येणार?" मी म्हटलं, सायकलच्या वेगाची गाडी पाहायला गर्दी येईलच असं नाही. पण तिथे हरलेल्या प्रत्येक गटाला आपण नेमके किती वॅटने आणि कुठे हरलो ते सांगता येईल. त्या दिवशी परतताना माझ्या शेजारी बसलेल्या मुलाला ते सांगता येत नव्हतं. तो नापास झाला नव्हता. त्याला वेगळ्याच विषयाचा पेपर दिला गेला होता.