पायांच्या शिरा आणि वनौषधि

१६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी आली आणि १८५४ सालीं लोहमार्ग कल्याणपर्यंत पोंचला. आज ठाणें, डोंबिवली, कल्याण येथील असंख्य माणसें गाडींत उभ्यानेंच मुंबईस जातात-येतात. शिक्षक, दुकानदार, पोलीस यांचा कामाचा दिवसहि बहुधा उभ्यानेंच सरतो. सायंकाळीं घोटे सुजणें, पोटऱ्या जड होणें, निळ्या शिरा फुगून वर येणें ही अशा मंडळींची नेहमींची तक्रार होय.

पायांतील रक्त हृदयाकडे वर चढविण्याचें काम पोटरीचे स्नायू करतात. चालतांना ते शिरांस दाबतात व रक्त वर ढकललें जातें. शिरांच्या आंतील झडपा तें मागें येऊं देत नाहींत. तासन्‌तास निश्चल उभें राहिलें कीं हा पंप थांबतो. आनुवंशिकता, गर्भारपण, स्थूलपणा यांचीहि त्यांत भर पडते. झडपा सैल होतात आणि रक्त खालीं सांचतें.

हा विकार आपल्या पूर्वजांस अपरिचित नव्हता. सुश्रुतसंहितेंत शिरांच्या गांठीचें, म्हणजे सिराज ग्रंथीचें, वर्णन आहे. अशक्त माणसाचे अतिश्रम हें तिचें कारण सांगितलें आहे. पावसाळ्यांत जिची भाजी करतात ती घेटुळी म्हणजेच पुनर्नवा. तिचें एक संस्कृत नांव ‘शोथघ्नी’, म्हणजे सूज नाहींशी करणारी, असें आहे. ती लघवी वाढविते; परंतु सैल झालेली झडप तिनें पुन्हां घट्ट होत नाहीं. मंडूकपर्णीवर, म्हणजे बाजारांत पुष्कळदां ब्राह्मी म्हणून मिळणाऱ्या वनस्पतीवर, कांहीं लहान प्रयोग झाले आहेत; त्यांवरून ठाम निष्कर्ष निघत नाहीं. त्यांतल्या त्यांत भक्कम पुरावा युरोपांतील हॉर्स चेस्टनट या वृक्षाच्या बियांच्या अर्काचा आहे. २०१२ सालीं कॉक्रेन संस्थेनें प्रसिद्ध केलेल्या आढाव्यांत अल्पकाळ घेतल्यास त्यानें सूज व ठणका कमी होतो असें आढळलें. मात्र त्याचें कच्चें बीं विषारी असतें. शुद्ध केलेला अर्कच वैद्यकीय सल्ल्यानें घ्यावा. रक्त पातळ करणारें औषध चालू असेल, मूत्रपिंडाचा विकार असेल किंवा स्त्री गर्भवती असेल, तर कोणताहि काढा आपल्या मतानें घेऊं नये.

खरा आधार बिनखर्चाचा आहे. रोज चालावें, गाडींत उभें असतांना टांचा वरचेवर उचलाव्या, घरीं आल्यावर पाय छातीहून उंच ठेवून पडावें. दाब देणारे पायमोजे डॉक्टरांनीं माप ठरविल्यावरच वापरावे.

प्रत्येक सूज शिरांचीच असते असेंहि नाहीं. दोन्ही पाय सुजून धाप लागत असेल, तर हृदय व मूत्रपिंडें तपासून घ्यावीं. एकच पाय एकाएकीं सुजून दुखूं लागला, तर आंत रक्ताची गुठळी झाली असण्याचा संभव असतो. ती सुटून फुप्फुसांत गेल्यास प्राण जाऊं शकतो. असा पाय चोळूं नये, त्यावर लेप लावून वाट पाहूं नये. त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें.