पन्हाळ्याची सिलिका गेली कुठे?

पन्हाळ्याचा तांबडा जांभा आणि शिरोळची काळी जमीन यांचं मूळ एकच: सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा बेसॉल्ट. या खडकात वजनाने जवळपास निम्मी सिलिका असते, पण ती फेल्डस्पार, पायरॉक्सिन अशा खनिजांत बांधलेली. सुटी गार, म्हणजे क्वार्ट्झ, त्यात नसल्यातच जमा. मग माळरानावर नांगराला लागणारे पांढरे गारेचे खडे आले कुठून?

लाव्हा निवताना वायूचे बुडबुडे आतच अडकले. पुढे सिलिका विरघळलेलं पाणी त्या पोकळ्यांतून झिरपत राहिलं आणि भिंतींवर थर चढत गेले. असा खडा फोडून भिंगाखाली धरा. कडेला कॅल्सेडनीचे दुधी-करडे पट्टे दिसतील आणि आत, मोकळ्या जागेकडे टोकं केलेले क्वार्ट्झचे स्फटिक. भोवतीचा खडक कुजून मुरूम होतो, गार मात्र टिकते. चाकूच्या पात्यानेही तिच्यावर ओरखडा उठत नाही.

बाकीच्या सिलिकेचं काय होतं, ते पाऊस ठरवतो. पश्चिमेला गगनबावड्याकडे वर्षाला ५००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. लिटरमागे काही मिलिग्रॅमच सिलिका विरघळते, पण लाखो पावसाळे हे चाललं की ती जवळजवळ सगळी निघून जाते आणि मागे लोह व ॲल्युमिनियम उरतं. तोच जांभा. राधानगरी-शाहूवाडीच्या सड्यांवरचं बॉक्साइट म्हणजे हेच धुवून जाणं टोकाला गेलेलं. शिरोळकडे पाऊस जेमतेम ५०० मिलिमीटर. तिथे सिलिका रानातच राहते आणि ॲल्युमिनियम, मॅग्नेशियमशी जुळून स्मेक्टाइट नावाची चिकणमाती घडते. पावसात फुगणारी, उन्हाळ्यात हातभर भेगा पाडणारी काळी जमीन ती हीच.

ऊस ही विरघळलेली सिलिका मुळांवाटे भरपूर उचलतो आणि पानांत तिचे सूक्ष्म, काचेसारखे कण साठवतो. उसाचा पाला अंग कापतो तो त्यामुळेच. ताठ पान आणि खोडकिडीला थोडाफार अटकाव, हेही तिचंच देणं. पश्चिमेकडच्या तांबड्या रानात पिकाला मिळणारी सिलिका आधीच कमी, त्यात प्रत्येक तोडीबरोबर आणखी जाते. म्हणून त्या भागातल्या ऊसकऱ्यांना कळकळीचं सांगणं: पाचट पेटवू नका, सरीतच कुजू द्या. त्यातली सिलिका तुमच्याच रानाची आहे.