‘अचानक’ म्हणजे काय? : पर्यावरणीय हानीचे दावे आणि विमापत्रांचा अर्थनिर्णय

मोटार झाडावर आदळली, तर हानी केव्हा झाली, कोठे झाली आणि कशामुळे झाली, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच क्षणात सापडतात. अपकृत्याच्या कायद्यात ज्यांस सामूहिक दावे म्हणतात, त्यांचे स्वरूप याहून सर्वस्वी भिन्न असते. ॲस्बेस्टॉसचे तंतू श्वासावाटे कामगाराच्या फुफ्फुसात शिरतात आणि रोग प्रकट होण्यास वीस, तीस किंवा चाळीस वर्षे लागतात. कारखान्याच्या आवारात मुरलेले रसायन एका पिढीनंतर शेजारच्या विहिरीत आढळते. भरपाई मागण्याची वेळ येते तेव्हा मूळ उत्पादक पुष्कळदा डबघाईस आलेला असतो. अमेरिकेतील ॲस्बेस्टॉसचा अग्रगण्य उत्पादक जॉन्स-मॅनव्हिल याने १९८२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, हे याचे प्रसिद्ध उदाहरण होय. अशा वेळी आजारी माणसाच्या पदरी काय पडणार, हे बव्हंशी जुन्या विमापत्रांवर अवलंबून राहते, आणि त्या विमापत्रांतून काय निघणार, हे त्यांतील दोनचार शब्दांच्या अर्थावर ठरते. म्हणूनच हा विषय विधिशास्त्राचा असूनही अर्थविचाराच्या अभ्यासकास उपेक्षणीय नाही.

अमेरिकेतील व्यापारी दायित्वाच्या प्रमाणित विमापत्रात प्रारंभी ‘अपघात’ हा शब्द होता. ‘अपघात’ म्हटले की एखादी क्षणिक, ठळक घटना मनापुढे उभी राहते. वर्षानुवर्षे धूळ फुफ्फुसात जाण्यास सामान्य भाषेत कोणी अपघात म्हणत नाही. ही अडचण ओळखून १९६६ च्या नमुन्यात ‘घटना’ या अर्थाचा अधिक व्यापक शब्द योजण्यात आला आणि हानिकारक परिस्थितीशी आलेला संबंधही त्याच्या व्याख्येत समाविष्ट झाला. अट एवढीच राहिली की, होणारी हानी विमेदारास अपेक्षित किंवा अभिप्रेत असता कामा नये. दिसावयास हा बदल किरकोळ होता. परंतु मंदगतीने होणाऱ्या हानीस विमापत्राचे दार त्याने उघडून दिले.

त्या दारातून प्रथम आले ते ॲस्बेस्टॉसचे दावे. १९७३ मधील ‘बोरेल विरुद्ध फायबरबोर्ड’ या निवाड्याने, धोक्याची सूचना न देणारे उत्पादक कामगारास जबाबदार ठरतात, हे तत्त्व प्रस्थापित केले. त्या खटल्यातील कामगाराने १९३६ पासून १९६९ पर्यंत तंतूंच्या धुळीत काम केले होते. तेहतीस वर्षांच्या अशा कालखंडात उत्पादकाचे विमापत्र अनेकदा नवे झालेले असते आणि विमाकंपन्याही बदललेल्या असतात. विमापत्र तर त्याच्या मुदतीत झालेल्या ‘शारीरिक इजे’पुरतेच बांधील असते. मग ही इजा ‘झाली’ केव्हा? १९८० मध्ये एका संघीय अपील न्यायालयाने ती धुळीशी संबंध आला त्या काळात झाली असे मानले. १९८२ मध्ये दुसऱ्याने रोग प्रकट झाला तो काळ ग्राह्य धरला. आणि दरम्यान, १९८१ मध्ये, ‘कीन’ खटल्यात तिसऱ्याने पहिल्या श्वासापासून रोगनिदानापर्यंतच्या सर्व वर्षांतील विमापत्रे बांधील ठरविली. वैद्यकीय वस्तुस्थितीविषयी या न्यायालयांत फारसा मतभेद नव्हता. भेद होता तो ‘होणे’ या क्रियापदाच्या कालमर्यादेविषयी. क्षणात संपणारी क्रिया आणि दीर्घकाळ चालणारी प्रक्रिया यांसाठी एकच क्रियापद वापरले गेल्याचा हा परिणाम होता.

प्रदूषणाच्या बाबतीत संघर्ष याहून तीव्र झाला. १९७० मध्ये विमाव्यवसायाने एक अपवाद-कलम पुढे आणले. प्रदूषके बाहेर पडल्याने होणारी हानी त्यान्वये वगळली गेली. मात्र ते बाहेर पडणे ‘अचानक आणि आकस्मिक’ असल्यास संरक्षण कायम राहणार होते. १९८० मध्ये अमेरिकेच्या संसदेने विषारी कचऱ्याच्या जागा स्वच्छ करण्याचा कायदा संमत केला आणि पूर्वी केलेल्या विल्हेवाटीचीही जबाबदारी संबंधितांवर टाकली. तेव्हापासून या एका ‘अचानक’वर अमाप द्रव्य अवलंबून राहू लागले.

या शब्दाची अडचण मराठी वाचकास सहज पटण्यासारखी आहे. ‘अचानक पाहुणे आले’ या वाक्यात वेगाचा संबंध नाही. ते अपेक्षित नव्हते एवढेच सांगावयाचे असते. ‘गाडी अचानक थांबली’ येथे मात्र क्षणिकता अभिप्रेत आहे. ‘झटकन’ म्हटले की केवळ वेग आणि ‘अनपेक्षित’ म्हटले की केवळ अपेक्षेचा अभाव सूचित होतो. ‘अचानक’ या दोहोंच्या मधोमध उभा आहे. इंग्रजीतील मूळ शब्दाची स्थिती हीच आहे. तो ज्या लॅटिन धातूपासून आला, त्याचा एक अर्थ ‘नकळत जवळ येणे’ असा होता. अर्थात् व्युत्पत्तीवरून आजचा अर्थ ठरत नाही. परंतु शब्दाचे द्व्यर्थित्व किती जुने आहे, हे तीवरून कळते.

न्यायालयांची मते याच दोन अर्थांप्रमाणे विभागली गेली. १९८९ मध्ये जॉर्जियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘क्लॉसेन’ खटल्यात असे ठरविले की, ‘अनपेक्षित’ हा अर्थही वाजवी आहे. आणि ज्याने मसुदा लिहिला त्याच्या विरुद्ध संदिग्धतेचा अर्थ लावावा, या नियमानुसार लाभ विमेदारास मिळाला पाहिजे. १९९१ मध्ये मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने याच्या उलट निर्णय दिला. ‘अचानक’चा अर्थ नुसता ‘अनपेक्षित’ असा घेतल्यास शेजारचा ‘आकस्मिक’ हा शब्द व्यर्थ ठरतो, असा कालवाचक अर्थाच्या पुरस्कर्त्यांचा युक्तिवाद होता. व्याकरणदृष्ट्या तो दुर्बळ म्हणता येत नाही. तथापि १९९३ च्या ‘मॉर्टन’ निवाड्यात न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने निराळाच मार्ग धरला. शब्दास कालवाचक अर्थ आहे हे त्याने मान्य केले. परंतु १९७० मध्ये हे कलम मंजूर करून घेताना, त्याने विद्यमान संरक्षणाचे केवळ स्पष्टीकरण होत आहे, असे विमाव्यवसायाने राज्यांच्या नियंत्रकांस सांगितले होते, याकडे न्यायालयाने लक्ष वेधले. ज्यांनी शब्द एका अर्थाने विकला, त्यांस तो दुसऱ्या अर्थाने वापरू दिला गेला नाही. येथे निर्णायक ठरला तो कोशातील अर्थ नव्हे. ठरले ते उच्चाराचे प्रसंग, वक्त्याचे विधान आणि श्रोत्याचा विश्वास.

१९८६ च्या नमुन्यातून ‘अचानक’ हा शब्दच काढून टाकण्यात आला आणि अपवाद जवळजवळ निरपवाद झाला. पण याने वाद मिटला नाही. तो ‘प्रदूषक’ या शब्दावर सरकला. घन, द्रव, वायुरूप किंवा उष्णतारूप असा कोणताही दाहक वा दूषित करणारा पदार्थ, अशी त्याची व्याख्या इतकी सैल आहे की, अक्षरशः घेतल्यास घरातील बहुतेक वस्तू तीत बसतील. १९९७ मध्ये इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने, इमारतीतील बिघडलेल्या भट्टीच्या कार्बन मोनॉक्साइडला हा अपवाद लागू नाही, असे सांगून तो रूढ अर्थाच्या पर्यावरणीय प्रदूषणापुरता मर्यादित केला. त्याच न्यायालयाने २०२५ मध्ये पुढचा प्रश्न सोडविला. वैद्यकीय उपकरणे निर्जंतुक करणाऱ्या कारखान्यातून सरकारी परवान्यानुसार एथिलीन ऑक्साइड बाहेर पडत होता. परवाना होता एवढ्यावरून ते प्रदूषण नव्हे असे होत नाही, असा त्याने निर्णय दिला. २०२४ मध्ये हवाईच्या सर्वोच्च न्यायालयापुढे हवामानबदलाच्या दाव्यांतील विम्याचा प्रश्न आला. बेपर्वाईने केलेले कृत्यही ‘अपघात’ असू शकते, असे म्हणून त्याने एक दार उघडले. आणि हरितगृह वायू हे ‘प्रदूषक’च होत, असे म्हणून प्रदूषणाचा अपवाद असलेल्या विमापत्रांचे दुसरे दार लावून घेतले.

पाण्यात टिकून राहणाऱ्या पीएफएएस वर्गातील रसायनांच्या दाव्यांत आज हीच वाट दिसते. थ्रीएम या उत्पादकाने २०२३ मध्ये सार्वजनिक पाणीपुरवठा संस्थांना किमान १० अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम देण्याचे मान्य केले. त्यानंतर विमाकंपन्या सामान्य शब्दावर विसंबून न राहता या रसायनांचा नामनिर्देशपूर्वक अपवाद करू लागल्या आहेत. नाव घेऊन वगळल्याने संदिग्धता घटते, हे खरे. परंतु ज्याचे नाव अद्याप पडले नाही, त्या पुढील पदार्थाचा प्रश्न तसाच उरतो. शिवाय नवे शब्द जुन्या विमापत्रांस लागू होत नाहीत; आणि आजच्या रोगाचे मूळ जुन्या विमापत्रांच्या काळात असते.

भारतातील कायद्याशी तुलना केल्यास हा भेद अधिक स्पष्ट होतो. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर, १९९१ मध्ये, सार्वजनिक दायित्व विमा अधिनियम संमत झाला. घातक पदार्थ हाताळणाऱ्यावर त्याने विम्याची सक्ती केली आणि दोष सिद्ध करण्याची अट न ठेवता मदतीची तरतूद केली. त्यातील ‘अपघाता’च्या व्याख्येत आकस्मिक, अचानक ‘किंवा’ अनभिप्रेत, असे पर्याय आहेत आणि सतत वा पुनःपुन्हा येणाऱ्या संबंधाचाही उल्लेख आहे. अमेरिकेच्या विमापत्रात ‘आणि’ होते. भारतीय अधिनियमात ‘किंवा’ आहे. पहिल्या अव्ययाने दोन अटींची बेरीज होते. दुसऱ्याने एक अट पुरते.

या इतिहासाचा निष्कर्ष एवढाच की, मसुदाकाराने कितीही काळजी घेतली तरी शब्दाचा अर्थ त्याच्या एकट्याच्या स्वाधीन राहत नाही. विमापत्र लिहिले जाते एका वर्षी आणि वाचले जाते तीस वर्षांनी. मधल्या काळात विज्ञान, कायदा आणि लोकव्यवहार या तिघांनी शब्दात भर घातलेली असते. विमाकंपनीस हा हिशेबातील धोका वाटतो. रोग्याच्या दृष्टीने तो औषधपाण्याचा आणि मागे राहणाऱ्या कुटुंबाच्या चरितार्थाचा प्रश्न असतो.