'पाणी' : एक शब्द, अनेक अर्थ

'पाणी' हा मराठीतील अत्यंत परिचित शब्द आहे. 'पिण्याजोगे' असा अर्थ असलेल्या 'पानीय' या संस्कृत शब्दापासून तो आला. 'घागरीत पाणी आहे' हे वाक्य कोणालाही सहज कळते. परंतु 'धाकट्या भावासाठी त्याने शिक्षणावर पाणी सोडले' या वाक्यात पाण्याचा एक थेंबही नाही. मग हा अर्थ येतो कोठून?

शब्दाच्या अंगी असलेल्या अर्थ व्यक्त करण्याच्या सामर्थ्याला 'शब्दशक्ती' म्हणतात. अभिधा, लक्षणा आणि व्यंजना या तीन शब्दशक्ती होत. 'घागरीत पाणी आहे' येथे शब्दाचा सरळ, कोशातील अर्थ अभिप्रेत आहे. ही अभिधा होय.

सरळ अर्थ जुळत नाही, तेव्हा त्याच्याशी संबंधित असा दुसरा अर्थ घ्यावा लागतो. ही लक्षणा होय. दान देताना हातावरून पाणी सोडून त्या वस्तूवरील आपला हक्क संपल्याचे दर्शविण्याची प्रथा आहे. त्यावरून 'पाणी सोडणे' म्हणजे हक्क किंवा आशा सोडणे, असा अर्थ रूढ झाला. लोहार तापलेले हत्यार पाण्यात बुडवून त्याला कठीणपणा आणतो; यालाच हत्याराला पाणी देणे म्हणतात. 'तलवारीचे पाणी', 'पाणीदार डोळे', 'एखाद्याचे पाणी जोखणे' या प्रयोगांत पाणी म्हणजे तेज किंवा सामर्थ्य. ते तेज उतरवले की 'पाणउतारा' होतो. याउलट 'पाणचट विनोद' म्हणताना तोच शब्द सत्त्वहीनता दर्शवितो. एकच शब्द तेजही सांगतो आणि तेजाचा अभावही. कोणता अर्थ घ्यावयाचा, हे संदर्भ ठरवितो.

ही किमया केवळ मराठीतच आहे असे नाही. हिंदी कवी रहीम (१५५६–१६२७) यांच्या एका प्रसिद्ध दोह्यात 'पानी' हा शब्द मोत्याच्या संदर्भात चमक, माणसाच्या संदर्भात अब्रू आणि पिठाच्या संदर्भात प्रत्यक्ष पाणी असे तीन अर्थ देतो. हे श्लेष अलंकाराचे उत्तम उदाहरण आहे.

व्यंजनेचे कार्य याहून वेगळे आहे. 'त्या घरी पाहुण्याला कोणी पाणीही विचारले नाही.' येथे सरळ अर्थ खराच आहे. पाणी खरोखरच विचारले गेले नाही. पण त्याच्या आडून अनादरही सूचित होतो. लक्षणेत मूळ अर्थ बाजूला सरतो. येथे तो टिकून राहतो आणि त्यातूनच दुसरा अर्थ उमलतो.

हा भेद का महत्त्वाचा आहे? मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव केला होता. तरीही महाडच्या चवदार तळ्याचे पाणी त्यांना घेता येत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो लोक तेथे पाणी प्याले. 'ते पाणी प्याले' हे वाक्य अक्षरशः खरे आहे. आणि त्यातच समान माणूसपणाचा हक्कही व्यक्त झाला आहे.

प्रेमचंद यांच्या 'ठाकुर का कुआँ' (१९३२) या हिंदी कथेत आजारी पतीसाठी गंगी रात्री ठाकुराच्या विहिरीवर जाते. चाहूल लागताच तिला रिकाम्या हाती परतावे लागते. घरी येऊन पाहते, तर पती तेच दुर्गंधीयुक्त पाणी पीत असतो. येथील पाणी म्हणजे 'न्यायाचे प्रतीक' एवढेच म्हणून जो वाचक पुढे जाईल, त्याला त्या माणसाची तहान जाणवणार नाही; आणि तहान जाणवली नाही, तर अन्यायही पुरता कळणार नाही.

म्हणून साहित्य वाचताना प्रथम शब्दाचा सरळ अर्थ लावून पाहावा. तो जुळत नसेल, तर लक्ष्यार्थ शोधावा. तो जुळत असेल, तर तेथेच न थांबता त्यातून आणखी काय सूचित होते याचा विचार करावा. मात्र सूचित अर्थ सापडल्यावर मूळ अर्थावर पाणी सोडू नये.